बटणताईंचं खातं

३ मार्च

वकीलबाई,

फोन करू नकोस. तू केलास तरी मला नुसती गुणगुण ऐकू येते, मी 'हो हो' म्हणतो आणि नंतर कळतं की तू भलतंच काहीतरी विचारलं होतंस. म्हणून हे लिहितोय. एका बोटाने टाइप करतोय, चुका पोटात घाल.

तुमच्या त्या ऑनलाइन पेठेने हे काय नवीन काढलंय? काल सकाळी मोबाइलवर दुकान उघडलं तर वर लाल पट्टी. 'आम्ही आपला अनुभव अधिक सुखद करत आहोत.' सुखद हा शब्द कुणी काढला की मी आधी खिसा चाचपतो. खाली बारीक अक्षरांत खरी गोष्ट होती. गिऱ्हाइकाचे पैसे आजवर ज्या कंपनीमार्फत आमच्यापर्यंत यायचे ती बंद, एक एप्रिलपासून दुसरी. आणि या दुसरीला प्रत्येक दुकानदाराची ओळख नव्याने पटवून हवी. ओळखपत्र दाखवा, कॅमेऱ्यासमोर बसा, डावीकडे बघा, उजवीकडे बघा, डोळे मिटा, उघडा. एकतीस मार्चच्या आत केलं नाही तर दुकानाला टाळं.

अगं, बटणं विकतो आम्ही. तीही एकेक. कुणाच्या कोटाचं तिसरं बटण हरवलेलं असतं, तो उरलेल्या दोनांचा फोटो पाठवतो आणि मी डबे उपसून त्यांचा हरवलेला भाऊ शोधून काढतो. चाळीस वर्षं कोट शिवले, त्यातली उरलेली, सुटलेली बटणं. शिंगाची, शिंपल्याची, पितळेची. यात दरोडा घालण्यासारखं काय आहे ते एकदा मला समजावून सांग.

कट्ट्यावर, म्हणजे पेठेतच दुकानदारांना आपसात बोलायला जी जागा दिलीय तिथे, आग लागली आहे. चामड्याची पाकिटं करणाऱ्याला तीनदा नापास केलं, कारण ओळखपत्रावर दाढी आहे आणि तोंडावर नाही. मेणबत्त्या करणारी एक मुलगी आहे, नवरा नाही, पदरात एक लेक. तिने पहिल्याच दिवशी मुकाट्याने सगळं केलं, तर आडनावातलं एक अक्षर जुळत नाही म्हणून तिचेच पैसे अडकवून ठेवलेत. म्हणजे ऐकलं त्यालाच शिक्षा!

लहानपणापासून वाद घालतेस म्हणून तुला वकीलबाई म्हणतो, आणि तू पेठेच्या कचेरीत तक्रारीच बघायला बसतेस. एवढंच सांग, ही चेहऱ्याची भानगड टाळता येते का? ओळखपत्र पाठवतो, सही पाठवतो, म्हणशील तर अंगठा पाठवतो. चेहरा नको. काही वाट असेल तर बघ.

काका


५ मार्च

प्रिय काका,

वाट नाही. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं शांतपणे वाचाल.

तुमचं पत्र जेवणाच्या सुट्टीत वाचलं. सुट्टी अर्ध्या तासाची, त्यातली निम्मी लिफ्टच्या रांगेत जाते. आमच्या हॉलमध्ये साठ खुर्च्या आहेत आणि समोरच्या भिंतीवर एक मोठा आकडा आहे, किती तक्रारी थांबल्यात त्याचा. एरवी तो हिरवा असतो. सोमवारपासून लाल आहे आणि माझ्या डोळ्यांदेखत वाढतोय. माझ्या शेजारची काल 'पाणी पिऊन येते' म्हणून उठली, ती जिन्यात रडत बसलेली सापडली.

आम्हाला स्वतःच्या शब्दांत उत्तर द्यायची परवानगी नाही. उत्तरं तयार असतात, आम्ही फक्त क्रमांक निवडायचा. तुम्ही जे लिहिलंत त्याला उत्तर क्रमांक सात: 'आपली गैरसोय आम्ही समजू शकतो.' 'माफ करा' म्हणायचं नाही. माफ करा म्हटलं की चूक कबूल केल्यासारखं होतं, असं मुकादम म्हणतो. मुकादम म्हणजे आमच्या गटाचा प्रमुख. खुर्च्यांमागून फेऱ्या मारतो म्हणून हे नाव, त्याला ठाऊक नाही.

तर क्रमांक सात बाजूला ठेवून पुतणी म्हणून सांगते. दोन मिनिटांचं काम आहे. खिडकीकडे तोंड करून बसा, चष्मा काढा, पडद्यावरच्या गोलात चेहरा आणा आणि तो सांगेल तसं करा. रुसून बसण्यासारखं त्यात काही नाही. नव्या कंपनीशी करार झालाय, जुनीने तिचा वाटा वाढवला म्हणून. कितीही ओरडलात तरी तो फिरणार नाही.

एक शंका. दुकान काकूने उघडलं होतं. ती गेल्यावर खात्यावरचं नाव बदलून घेतलंत ना? मी तेव्हा फोनवर विचारलं होतं, तुम्ही 'हो हो' म्हणालात.

तुमची,
वकीलबाई


११ मार्च

वकीलबाई,

तुझं पत्र मिळालं. खिडकीकडे तोंड करून बसलो. कॅमेऱ्यात मी धुक्यातून आल्यासारखा दिसतो. काच खराब झाली असावी. शिवाय चष्मा काढला की तो गोलच मला दिसत नाही, मग त्यात तोंड कुठून आणू? हे असलं यंत्र कुणाच्या डोक्यातून निघालं त्याला एकदा माझ्यासमोर उभा कर. मी त्याचं माप घेतो.

इकडची हकीकत. कट्ट्यावर ठरलंय की पंधरा तारखेपासून आठवडाभर सगळ्यांनी आपापली दुकानं बंद ठेवायची. विकायचं नाही, पाठवायचं नाही. काही जण बिचकताहेत, साहजिक आहे, आठवडा बंद म्हणजे चूल विझायची वेळ. पण पाकीटवाला म्हणाला, आपण गप्प बसलो तर उद्या रक्ताचा थेंब मागतील. मला ते पटलं. मग बंदच्या आधी हातातलं काम उरकायला हवं म्हणून काल एकवीस पाकिटं बांधली, पत्ते लिहिले, टपालात टाकून आले. संध्याकाळी दमले अगदी. बोटं वाकडी व्हायची वेळ आली.

त्या मेणबत्तीवालीचं अजून सुटलेलं नाही. तिला पाच वेळा एकच उत्तर आलंय आणि ते तुझं क्रमांक सात आहे. घरमालक दारात येऊन गेला म्हणे. मी तिला धीर देतो, दुसरं काय करणार? ती रोज लिहिते. सकाळी मुलीला शाळेत सोडलं की लिहिते, दुपारी मेण गार व्हायला ठेवलं की लिहिते. शहाणी आहे, पण घाबरते फार. तिच्या अर्जाकडे जरा बघशील का? तेवढं केलंस तर माझ्या चेहऱ्याचं राहू दे.

काका


१३ मार्च

काका,

कॅमेऱ्याची काच खराब झालेली नाही. तो मोबाइल मीच घेऊन दिलाय, सहा महिन्यांपूर्वी, आणि तुम्ही त्यावर बटणांचे असे फोटो काढता की भोकांतला धागासुद्धा मोजता येईल. धुकं फक्त चेहरा काढतानाच पडतं का?

मला इथे दिवसभर लोक थापा मारतात. निदान तुम्ही मारू नका.

रविवारी अकराच्या गाडीने येते. समोर बसून करून घेते. दाढी करून ठेवा. मेणबत्तीवाल्या बाईंचा तक्रार क्रमांक कळवा, बघते, वचन देत नाही.

आणि 'दमले' काय? चष्मा पुसून टाइप करत जा.

वकीलबाई


१४ मार्च

रविवारी येऊ नकोस. मी नसेन. मला कोट शिवायला शिकवलं त्या उस्तादांच्या घरी जायचंय, दोन दिवस मुक्काम. तक्रार क्रमांक खाली दिलाय. चेहऱ्याचं मी बघून घेईन.

काका


२१ मार्च

काका,

तुम्ही कुठेही गेला नव्हतात.

मी रविवारी आले होते. पत्र वाचूनही आले, कारण तुमचे उस्ताद वारले तेव्हा हार घ्यायला मीच तुमच्याबरोबर होते. बेल वाजवली, दार ठोठावलं. आत शिलाई मशीन चालू होतं, बाहेर ऐकू येत होतं. तुम्हाला बेल ऐकू येत नाही हे मला माहीत आहे, म्हणून मागच्या खिडकीकडे गेले. तुम्ही मशीन थांबवून मोबाइलवर काहीतरी लिहीत होता आणि लिहिता लिहिता हसत होता. काकू गेल्यापासून तुम्हाला असं हसताना मी पाहिलेलं नाही. काचेवर टकटक करणार होते, हात वर केला आणि केली नाही. का, ते तेव्हा मलाही कळलं नाही. परतीच्या गाडीत बसले आणि मग तुमचा राग आला, इतका की उतरायचं स्टेशन चुकले.

मंगळवारी मुकादमाने मला बोलावून घेतलं. म्हणाला, "तुझं वाचन चांगलं आहे. दोन दिवस तक्रारी सोड, कट्टा वाच. हा बंद कोण चालवतंय, सगळ्यात जास्त आवाज कुणाचा, दहा नावं काढून दे."

मी आजवर कट्टा उघडलेलाच नव्हता. तो दुसऱ्या विभागाकडे असतो. उघडला, आणि पहिलंच दुकान 'काज-बटण', म्हणजे आपलंच. खाली लोकांची रांग. 'बटणताई, तुम्ही म्हणाल तसं.' 'बटणताई, तुमच्यामुळे धीर आला.' आणि बटणताईंनी लिहिलेलं: 'मी इथे बटणं विकायला बसले आहे, चेहरा विकायला नाही. सुखद हा शब्द कुणी काढला की मी आधी खिसा चाचपते.'

काका, मी हॉलमध्ये, साठ माणसांत, तोंडावर हात दाबून बसले. हसू की रडू कळेना. मागे मागे वाचत गेले. दोन वर्षं. शोधते, पाठवते, कळवते, काळजी करू नकोस गं. तेव्हा ते 'दमले' बोट चुकून आलेलं नव्हतं. तुम्हाला आता सवय झालीय.

मला खूप राग आलाय. तुम्ही काकूच्या नावाने लिहिलंत त्याचा आहेच, पण मला 'हो हो' म्हणालात याचा जास्त आहे. मी काय परकी होते?

आता नीट वाचा. दहा नावांच्या यादीत तुमचं नाव पहिलं येतं. म्हणजे काकूचं. यादी सोमवारी द्यायची आहे. ती दिली की ही खाती हाताने तपासतील, आणि हाताने तपासलं की मालकीण दोन वर्षांपूर्वी वारलीय हे दहा मिनिटांत उघड होईल. मग पैसे, दुकान, सगळं अडकेल आणि फसवणुकीचा शिक्का बसेल तो वेगळाच.

मला काय करायचं ते सुचत नाहीये. तुम्ही लिहा. या वेळी खरं.

वकीलबाई


२२ मार्च

बाळ,

खरं लिहितो.

तुझी काकू गेल्यावर आठवडाभर मी मोबाइल हातात घेतला नाही. घेतला तेव्हा एकोणीस निरोप पडून होते. त्यात एक म्हातारा माणूस होता. त्याची बायको आजारी, तिच्या जुन्या कोटाचं गळ्याजवळचं बटण हवं होतं. लिहिलं होतं, 'ताई, सापडेल का?' मी उत्तर लिहायला घेतलं: ताई गेल्या. लिहिलं आणि खोडलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा खोडलं. त्या माणसाची बायको आजारी, त्याला मी हे कसं सांगू? मग लिहिलं, 'शोधते.' शोधतो मधला एक काना काढायचा, बस. इतकं सोपं असेल असं वाटलं नव्हतं.

बटण सापडलं. त्याने लिहिलं, ताई, तुम्ही देवासारख्या भेटलात. मी ते किती वेळा वाचलं असेन, सांगता येणार नाही.

नाव बदलायचं मनात होतं, खोटं नाही सांगत. पण घरात काय चाललं होतं ते तुला ठाऊक आहे. येणारा प्रत्येक जण तिचं नाव टाळायचा. तुझे वडीलसुद्धा. मला वाईट वाटू नये म्हणून. पेठेत मात्र रोज कुणी ना कुणी तिला हाक मारायचं, प्रश्न विचारायचं, तिच्यावर रुसायचं, तिला भरभरून दाद द्यायचं. तिथे ती गेलेलीच नव्हती. खातं माझ्या नावावर केलं की ती तिथूनही जाणार, हे मला दिसत होतं. मग आज करू, उद्या करू, असं करत दोन वर्षं गेली. पैसे आम्हा दोघांच्या खात्यात यायचे, त्यामुळे कुणी विचारलं नाही.

आणि एक सांगतो, ते कुणाला सांगू नकोस. ती बोलायची तसं लिहायला लागलो तेव्हा मला माणसांशी बोलता यायला लागलं. मी शिंपी माणूस. तोंडात टाचण्या धरून आयुष्य गेलं. गिऱ्हाइकाशी 'हात वर करा, श्वास सोडा' याच्यापलीकडे बोललो नाही. आणि आता तर ऐकूही येत नाही. ताई झालो की लोक मला घरातलं सांगायचे आणि मला उत्तरं सुचायची.

तुला 'हो हो' म्हणालो ते चुकलं. तू परकी नव्हतीस. तू वकीलबाई आहेस, तू मला दुसऱ्या दिवशी नाव बदलायला लावलं असतंस. म्हणून नाही सांगितलं.

यादीत माझं नाव पहिलं घाल. तुझी नोकरी माझ्या बटणांपेक्षा मोठी आहे. मनाला लावून घेऊ नकोस.

काका


२५ मार्च

प्रिय काका,

यादी दिली. त्यात तुमचं नाव नाही, कुणाचंच नाही.

दहा माणसांऐवजी मी दहा तक्रारी लिहून दिल्या. दाढी काढली म्हणून नापास होणारे. आडनावात अक्षर जुळत नाही म्हणून अडकलेले. हात कापतात म्हणून मोबाइल स्थिर धरता न येणारे. प्रत्येकाखाली किती जणांनी तेच लिहिलंय तो आकडा.

मुकादम म्हणाला, "मी नावं मागितली होती."

मी म्हटलं, "नावं काढायला गेले तर अकरा हजार होतात. कुठली दहा देऊ?"

त्याने कागदाची घडी घालून खिशात ठेवली. मग हळू आवाजात म्हणाला, "माझ्याकडेही वरून मागताहेत गं." आणि मग मोठ्या आवाजात, सगळ्यांना ऐकू जाईल असं, मला परत आलेल्या पार्सलांच्या खोलीत पाठवलं. यंदाची बढती विसरायची. खोलीला खिडकी नाही, पण लाल आकडाही नाही. मी ठीक आहे.

आता तुमचं. इकडेतिकडे विचारल्यासारखं करून विचारलं. खातेदार वारला तर काय, याचं उत्तर क्रमांक अकरा आहे. मृत्यूचा दाखला, वारसाचा अर्ज, मग खातं बंद. अडकलेले पैसे वारसाला मिळतात. पण दुकान दुसऱ्याच्या नावावर होत नाही. लोकांनी लिहिलेलं, काकूने लिहिलेलं, तुम्ही लिहिलेलं, सगळं पुसलं जातं. मी खूप वाद घातला. ज्याच्याशी घातला त्याने मला क्रमांक अकरा पुन्हा वाचून दाखवला. माझ्याशी कुणीतरी तसं वागलं तेव्हा कळलं की मी दिवसभर लोकांशी कशी वागते.

एकतीसनंतर खातं आपोआप गोठेल आणि मग दाखला घेऊन रांगेत उभं राहावं लागेल. त्याआधी तुम्ही स्वतः बंद केलंत तर फसवणुकीचा प्रश्न येत नाही. आणि कट्ट्यावरच्या लोकांना तुम्हीच सांगा. दुकान एकदम दिसेनासं झालं तर ते बटणताईंना शोधत बसतील.

वकीलबाई


३० मार्च

वकीलबाई,

सांगितलं.

परवा सकाळी मशीनवर कापड टाकून झाकलं, खुर्ची ओढून बसलो आणि लिहिलं. चार ओळीच लिहिल्या. ज्यांना तुम्ही बटणताई म्हणता त्या माझी बायको होत्या. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली. तेव्हापासून त्यांच्या नावाने मी लिहितो आहे. मी शिंपी आहे आणि मी तुमच्याशी खोटं बोललो.

पहिला अर्धा तास मी मोबाइल उघडत आणि ठेवत बसलो. तो अर्धा तास मला फार मोठा गेला. मग पाकीटवाल्याने लिहिलं, 'काका, बटणं तुम्हीच शोधत होतात ना? मग झालं.' मग बरेच आले. कुणी हळहळलं, कुणी मला शाबासकीही दिली, ती मला नको होती. तो म्हातारा आला, त्याची बायकोही गेली, मला माहीत नव्हतं. काही जण भडकले. एकाने लिहिलं, अशा लोकांमुळेच ही तपासणी आणावी लागते. बघ, नव्या कंपनीची बाजू घ्यायला मीच कारण झालो. सगळ्या बंदावर पाणी फिरवलं की काय, असं वाटून गेलं.

मेणबत्तीवालीने संध्याकाळी लिहिलं. एकच ओळ. 'मी ते सगळं एका बाईला सांगितलं होतं.' आणि कट्टा सोडून गेली.

 तिने मला तिच्या नवऱ्याबद्दल सांगितलं होतं, तिच्या शरीराबद्दल, भीतीबद्दल. पुरुषाला कुणी सांगत नाही असं. मी वाचलं, आणि 'समजतं गं मला' असं उत्तर दिलं. तिचा विश्वास मी चोरला. दरोडा घालण्यासारखं काय आहे म्हणून तुला विचारलं होतं ना, हे होतं.

दोन दिवस दुकानातलं तुझ्या काकूचं लिहिणं मापांच्या वहीत उतरवून घेतोय. निम्मंही झालेलं नाही. मान दुखते. उद्या दुपारी खातं बंद करतो. जे राहील ते राहील.

काका


१ एप्रिल

काका,

हे वाचण्याआधी खाली बसा.

काल संध्याकाळी सहा वाजता पेठेने जाहीर केलं. मुदत पंधरा दिवसांनी वाढवली. 'दुकानदारांच्या भावनांचा आदर करून.' सहा वाजता! तुम्ही तीनला खातं बंद केलं होतंत. मी तुमच्या निम्म्या वहीचा विचार करत पार्सलांच्या खोलीत एका खोक्याला लाथ मारली. आत काचेचं काहीतरी होतं.

बंदमुळेच वाढवली, हे सगळ्यांना कळलंय. मान्य कुणी करत नाही. दहा तक्रारींचा कागद वरपर्यंत गेला असं मुकादमाने जाता जाता सांगितलं, खोलीच्या दारातून, आत न येता.

मेणबत्तीवाल्या बाईंचं आज सुटलं. मी नव्या कंपनीला नऊ वेळा फोन केला. दहाव्यांदा उचलणारी मुलगीही माझ्यासारखीच निघाली, क्रमांक वाचून कंटाळलेली. तिने क्रमांक बाजूला ठेवला आणि अक्षर दुरुस्त केलं. चार मिनिटं लागली. चार मिनिटांच्या कामाला महिना!

रविवारी येते. आता कुठेही जाऊ नका.

वकीलबाई


१८ एप्रिल

वकीलबाई,

नवं दुकान लागलं. रविवारी तू फोनमागे उभी राहून हातवारे केलेस म्हणून. ते यंत्र तोंडाने सांगतं डावीकडे बघा, आणि बहिऱ्याने ते कुठून ऐकायचं? कुणाच्या डोक्यात आलं नाही. चार वेळा नापास झालो, पाचव्यांदा पास. नाव माझं, चेहरा माझा, दुकान रिकामं. एकाचाही शेरा नाही. चाळीस वर्षांपूर्वी फळी टाकून बसलो होतो तसं वाटतं, फक्त गुडघे तेव्हाचे नाहीत.

नवी कंपनी पैसे पाच दिवसांनी देते. जुनी दोन दिवसांनी द्यायची. हे सुखद.

पहिली मागणी काल आली. मेणबत्तीवालीची. लेकीच्या निळ्या कोटाचं बटण, फोटो जोडलेला. आणि टपालाने एक जाड पाकीट, त्यात कागदांचा गठ्ठा. तिला आलेली बटणताईंची उत्तरं. त्यातली निवडक तिने छापून ठेवली होती. सोबत चिठ्ठी. जशीच्या तशी उतरवतो:

'राग गेलेला नाही. पण कोट उघडा आहे आणि असं बटण दुसरीकडे मिळत नाही. माझी चार वर्षांची पत्रं तुमच्याकडे होती. त्यांना आलेली उत्तरं पाठवते आहे. यातली त्यांची कुठली आणि तुमची कुठली, त्यावर लिहून परत करा. मला कुणाचे आभार मानायचे आणि कुणावर रागवायचं ते कळायला हवं.'

बरोबर बोलली. मी सगळी कामं बाजूला सारून बसलो. पहिली अकरा तुझ्या काकूची. त्यावर तिचं नाव लिहिलं. शेवटची अठरा माझी. प्रत्येकावर 'माझं' असं लिहिलं. काही चांगली होती, तरी लिहिलं. काही वाचताना लाज वाटली, तिथेही लिहिलं.

एक मधलं उरलं. ते तुझी काकू दवाखान्यात होती त्या दिवसांतलं. तिच्या हातात त्राण नव्हतं. ती उशीवर पडल्या पडल्या सांगायची आणि मी एका बोटाने लिहायचो. आवाज अगदी बारीक झाला होता, मला निम्मं ऐकू यायचं. पुन्हा विचारलं असतं, पण तिला पुन्हा बोलायला लावणं माझ्या जिवावर यायचं. जे ऐकू आलं ते लिहिलं. जे नाही आलं ते तिच्या चेहऱ्याकडे बघून भरलं. ती डोळे मिटून 'हं' म्हणायची, की मी पाठवायचो.

त्यात लिहिलंय: 'थकलीस म्हणजे हरलीस असं नाही. आज दुकान बंद ठेव, लेकीला घेऊन बाहेर पड. मेण काही पळून जात नाही.'

मी ते कालपासून वाचतोय. 'थकलीस' तिचं असावं. मेणाचं मी जोडलेलं वाटतं, पण ती अशीच बोलायची. की तिच्यासारखं बोलायला मी तिथपासूनच लागलो होतो? मला खरंच सांगता येत नाही, बाळ. चेहऱ्याची खात्री पटवायला यंत्र आहे, याला कुठलं यंत्र नाही.

शेवटी त्यावर लिहिलं, 'हे दोघांचं आहे.' बटण गठ्ठ्याबरोबर एकाच पाकिटात घातलं, वर पत्ता लिहिला आणि आता टपालात टाकायला निघालोय.

काका